‘यूज्ड टू’ कसं वापरायचं: जायचो, सवय आहे, सवय झाली आणि वापरतात

एका मुलाखतीत मला विचारलं होतं की फावल्या वेळात काय करता. मी ऐटीत उत्तर दिलं, ‘आय यूज्ड टू रीड अ लॉट.’ मनात होतं, ‘मी भरपूर वाचतो.’ समोरच्या बाईंनी हसून विचारलं, ‘मग हल्ली का नाही वाचत?’ मला त्या प्रश्नाचा रोखच कळेना. वाचतो की, असं मी म्हणालो. त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या आणि मी घरी येईपर्यंत विचार करत राहिलो की बाईंनी असं का विचारलं असावं.

मी सांगितलं होतं ते असं: ‘मी पूर्वी भरपूर वाचायचो.’ म्हणजे आता सोडलं.

हा लेख ‘यूज्ड टू’ नव्याने शिकणाऱ्यांसाठी आणि बरीच वर्षं चुकीचं वापरून मग जागं झालेल्यांसाठीही आहे. दोन्ही गटांना एक आनंदाची बातमी आहे. इंग्रजीने एकाच पोत्यात कोंबलेले अर्थ मराठीने आधीच वेगवेगळ्या डब्यांत भरून ठेवले आहेत. मराठी वाक्य नीट पकडलं की इंग्रजी वाक्य बहुतेक वेळा आपसूक सुटतं. जिथे सुटत नाही, जिथे आपला मराठी कानच आपल्याला फसवतो, अशा जागा चार-पाचच आहेत. त्यांच्यापाशी मी जास्त वेळ थांबणार आहे.

पायरी १: आधी चार मराठी वाक्यं

ही चार वाक्यं मोठ्याने वाचा.

मी रोज पोहायला जायचो.
मला गोंगाटाची सवय आहे.
मला गोंगाटाची सवय झाली.
हे यंत्र कागद कापायला वापरतात.

मराठीत यांचं एकमेकांशी काही नातं आहे असं कुणाला वाटणार नाही. पण इंग्रजीत चारही वाक्यांत ‘यूज्ड टू’ येतं:

‘आय यूज्ड टू गो स्विमिंग एव्हरी डे.’
‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज.’
‘आय गॉट यूज्ड टू द नॉइज.’
‘धिस मशीन इज यूज्ड टू कट पेपर.’

आता ‘यूज्ड’च्या आधी काय आहे ते बघा. पहिल्यात काहीच नाही, कर्त्याला लागून थेट ‘यूज्ड टू’. दुसऱ्यात ‘ॲम’ आहे, तिसऱ्यात ‘गॉट’. चौथ्यातही ‘इज’ आहे, पण तिथे यंत्र वापरलं जातंय, यंत्राला कसली सवय नाही. वाचताना गोंधळ झाला तर ‘यूज्ड’च्या डावीकडे बघायचं आणि मग ‘टू’च्या उजवीकडे. एवढ्यावर जवळजवळ सगळं ठरतं.

पायरी २: कान

लिहिताना चारही ठिकाणी अक्षरं तीच असली तरी बोलताना एक फरक आहे. तो शाळेत मला कुणी सांगितला नव्हता.

पहिल्या तीन वाक्यांत उच्चार ‘यूस्टू’ असा होतो. मधला आवाज ‘स’चा, आणि ‘ड’ ऐकूच येत नाही. घाईत तर ‘यूस्ट’ इतकंच कानावर पडतं आणि ‘टू’ पुढच्या शब्दात विरघळून जातो. चौथ्या वाक्यात मात्र ‘वापरणे’ हा अर्थ शाबूत आहे, म्हणून तिथला उच्चार ‘यूझ्ड टु’. हा ‘झ’ म्हणजे ‘झाड’मधल्या ‘झ’च्या जवळचा, ‘झेंडा’तला नव्हे.

असं का होतं हे मराठी शाळेत संधी शिकलेल्याला चटकन समजेल. ‘विपद्’ आणि ‘काल’ एकत्र आले की ‘विपत्काल’ होतो, कारण पुढच्या कठोर ‘क’पायी मागचा मृदू ‘द्’ही कठोर ‘त्’ होतो. इथेही तसंच झालंय. पुढे ‘टू’चा कठोर ‘ट’ उभा आहे, त्याने मागचे मृदू ध्वनी कठोर करून टाकले. सवयीच्या अर्थी हे दोन शब्द सतत एकत्र बोलले गेले आणि जोडशब्दासारखे चिकटले. ‘वापरणे’ या अर्थी ते तसे चिकटले नाहीत.

तेव्हा ‘यूझ-ड टू’ असं तोडून बोलू नका. त्याने अर्थ बदलतो असं नाही, लोक संदर्भाने समजून घेतात. पण दुसऱ्याचं ऐकताना ‘यूस्टू’ कानात बसलेलं नसेल तर अर्धं वाक्य निसटतं.

पायरी ३: ‘जायचो’वालं ‘यूज्ड टू’

नुसत्या ‘यूज्ड टू’पुढे क्रियापदाचं मूळ रूप येतं: ‘गो’, ‘रीड’, ‘लिव्ह’, ‘प्ले’. कर्ता कुणीही असो, रूप बदलत नाही. मराठीत जायचो, जायची, जायचे, जायच्या असं लिंगवचनाप्रमाणे किती बदलावं लागतं! इंग्रजी इथे आपल्यापेक्षा पुष्कळ सोपं आहे, हे कबूल करायला हवं.

अर्थ दोन पदरी. एक, ही गोष्ट पूर्वी वरचेवर घडायची. दोन, आता ती घडत नाही. दुसरा पदर उच्चारला जात नाही, पण ऐकणारा तो गृहीत धरतो. माझी मुलाखत या दुसऱ्या पदरानेच घालवली. ‘जायचो’ म्हटल्यावर मराठी माणूसही हेच गृहीत धरतो. ‘मी त्यांच्याकडे जायचो’ असं कुणी म्हणालं की आपण लगेच विचारतो, ‘मग, काही बिनसलं का?’

म्हणून पहिली चाचणी अशी: मराठीत ‘-यचो’, ‘-यची’ किंवा ‘-त असे’ म्हणता येतंय का? येत असेल तर ‘यूज्ड टू’ चालेल. ‘करतो’, ‘जातो’, ‘वाचतो’ असं म्हणायचं असेल तर ‘यूज्ड टू’ला हात लावायचा नाही.

चालू सवयीसाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ पुरतो: ‘आय रीड अ लॉट’, ‘आय वेक अप ॲट सिक्स’. फार तर मध्ये ‘युजुअली’ घालावं. तरीही आपल्याकडचे कितीतरी लोक चालू सवय सांगायला ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट सिक्स’ म्हणतात. काही जण ‘डी’ गाळून ‘आय यूज टू वेक अप’ असं त्याचं वर्तमानकाळी रूप तयार करतात. इंग्रजीत असं रूप नाही.

गंमत म्हणजे ते एके काळी होतं. हे क्रियापद तेराव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आलं, त्याचं मूळ लॅटिनमध्ये. ‘वापरणे’ आणि ‘नेहमी करणे’ असे दोन्ही अर्थ त्याला होते, आणि सतराव्या शतकातही ते सवयीच्या अर्थी वर्तमानकाळात लिहिलं जाई. पुढे ती पद्धत मागे पडली आणि सवयीच्या अर्थाचा भूतकाळच तेवढा उरला. म्हणजे भाषेतच एक भोक आहे. आपण ते आपल्या परीने बुजवायला जातो आणि चुकतो. ‘युजुअल’ आणि ‘युजुअली’ हे शब्द त्याच लॅटिन घराण्यातले, त्यांनी वर्तमानकाळाची जागा सांभाळली असं समजा.

ही चूक निरुपद्रवी नाही. डॉक्टरांसमोर ‘आय यूज्ड टू टेक धिस मेडिसिन’ म्हणालात तर औषध बंद झालंय असं ते धरून चालतील. औषध चालू असेल तर ‘आय टेक’ म्हणा. उलट ‘डू यू स्मोक?’ या प्रश्नाला सोडून दिलेल्या माणसाचं अचूक उत्तर दोन-तीन शब्दांत होतं: ‘आय यूज्ड टू.’ पुढे क्रियापद लागत नाही, ‘टू’वर वाक्य संपवता येतं. ‘ओढायचो’ एवढंच मराठीत म्हणून आपण थांबतो, अगदी तसं.

आता मराठी कान जिथे फसतो त्या जागा.

पहिली जागा: ‘होता’. ‘इथे पूर्वी एक झाड होतं.’ या वाक्यात ‘-यचं’ नाही, ‘असे’ नाही, नुसतं ‘होतं’ आहे. म्हणून आपण ‘देअर वॉज अ ट्री हिअर’ म्हणतो. चूक नाही, पण ‘आता नाही’ हा भाव त्यात पुसट होतो. इंग्रज माणूस इथे हमखास ‘देअर यूज्ड टू बी अ ट्री हिअर’ म्हणेल. तसंच ‘ती आधी शिक्षिका होती’: ‘शी यूज्ड टू बी अ टीचर.’ ‘माझ्याकडे सायकल होती’: ‘आय यूज्ड टू हॅव अ सायकल.’ इथे खूण ‘होता’ची नाही, ‘पूर्वी’ किंवा ‘आधी’ची. मराठी वाक्यात हे शब्द असतील, किंवा घातले तर शोभत असतील, आणि आता परिस्थिती वेगळी असेल, तर ‘यूज्ड टू’चा विचार करा. माझ्या मते ज्याला ‘देअर यूज्ड टू बी’ सहज जमलं त्याचं निम्मं काम झालं.

दुसरी जागा: ‘जात होतो’. ‘कॉलेजात असताना मी रोज पळत होतो.’ मराठीत हे ‘पळायचो’च्या इतकं जवळ आहे की आपण दोन्ही अदलाबदलीने वापरतो. इंग्रजीत मात्र ‘आय वॉज रनिंग’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तुम्ही धावताना उभे राहता आणि तो वाट बघतो: मग काय झालं, पडलात? जुन्या सवयीबद्दल बोलायचं असेल तर मनात ‘पळत होतो’चं आधी ‘पळायचो’ करून घ्या, मग इंग्रजीकडे वळा.

तिसऱ्या जागी मराठी कान फसवत नाही, उलट मदतीला येतो. मोजलेला काळ किंवा मोजलेल्या खेपा असतील तर ‘यूज्ड टू’ चालत नाही. ‘आय यूज्ड टू लिव्ह देअर फॉर फाइव्ह इयर्स’ चूक, ‘आय लिव्ह्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ बरोबर. नियम पाठ करू नका, मराठीत म्हणून बघा: ‘मी तिथे पाच वर्षं राहायचो.’ खटकलं ना? आपण ‘राहिलो’ किंवा ‘राहत होतो’ म्हणतो. ‘ते संग्रहालय मी एकूण तीनदा बघायचो’ हेही तसंच खटकतं. मात्र ‘आठवड्यातून तीनदा जायचो’ चालतं, आणि इंग्रजीतही चालतं, कारण तिथे आकडा सवयीचा भाग आहे. एकूण हिशेब नाही.

नकार आणि प्रश्न ‘डिड’ने होतात. ‘मला पूर्वी कविता आवडत नसत’ म्हणजे ‘आय डिडन्ट यूज टू लाइक पोएट्री.’ ‘तू आधी चष्मा लावायचास का?’ म्हणजे ‘डिड यू यूज टू वेअर ग्लासेस?’ भूतकाळाचं ओझं ‘डिड’ने उचललं की ‘यूज्ड’चा शेवटचा ‘डी’ गळतो, ‘वेन्ट’चं ‘डिडन्ट गो’ होतं तसा. पण कानाला हा फरक कळतच नाही, दोन्हीकडे ‘यूस्टू’च ऐकू येतं. त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेलेही लिहिताना इथे अडखळतात आणि छापील मजकुरात ‘डी’सकट रूपही भेटतं. परीक्षेत आणि कामाच्या पत्रात तुम्ही ‘डी’ गाळलेलंच लिहा, कुणी बोट ठेवणार नाही. ‘आय नेव्हर यूज्ड टू’ म्हणालात तर हा पेचच उरत नाही, कारण ‘डिड’ येत नाही. मी स्वतः पुष्कळदा हीच पळवाट घेतो. जुन्या ब्रिटिश लेखनात ‘यूज्ड नॉट टू’ दिसेल. वाचून पुढे जा, वापरू नका.

पायरी ४: ‘वुड’ची सोबत

आठवणी सांगताना दर वाक्यात ‘यूज्ड टू’ आलं की ऐकणारा कंटाळतो. इंग्रज लोक पहिल्या वाक्यात ‘यूज्ड टू’ने काळ उभा करतात आणि पुढे ‘वुड’वर येतात: ‘वी यूज्ड टू स्पेंड द समर्स विथ माय ग्रँडमदर. शी वुड टेल अस स्टोरीज, अँड वी वुड फॉल अस्लीप हाफवे.’ मराठीत जुन्या धाटणीचे लेखक ‘आजी गोष्टी सांगे, आम्ही मध्येच झोपी जाऊ’ असं लिहितात, त्याच चालीचं हे.

एकच पथ्य आहे. ‘वुड’ फक्त कृतीसाठी: सांगणं, जाणं, खेळणं. असणं, आवडणं, माहीत असणं, जवळ बाळगणं अशा स्थितीसाठी ते चालत नाही. झाडाला ‘देअर वुड बी अ ट्री हिअर’ म्हणाल तर ‘इथे झाड असेल’ असा भलताच अर्थ निघेल.

पायरी ५: ‘सवय आहे’वालं ‘बी यूज्ड टू’

‘ॲम’, ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्यापुढे आलेलं ‘यूज्ड टू’ ही वेगळीच वस्तू आहे. इथे ‘यूज्ड’ क्रियापदासारखं वागत नाही, ‘सरावलेला’ या विशेषणासारखं वागतं. म्हणून कुठलाही काळ चालतो. गोष्ट आताचीही असू शकते, उद्याचीही.

पण खरी अडचण ‘टू’ची. ‘यूज्ड टू गो’मधला ‘टू’ क्रियापदाला चिकटलेला आहे. ‘आय ॲम यूज्ड टू द नॉइज’मधला ‘टू’ मात्र आपल्या विभक्तिप्रत्ययाचं काम करतो, ‘गोंगाटाची’ किंवा ‘गोंगाटाला’ यातल्या प्रत्ययासारखं. विभक्तिप्रत्यय नामाला लागतो. मग पुढे क्रियापद आणायचं असेल तर? मराठीत आपण काय करतो ते आठवा. ‘मला लवकर उठ सवय आहे’ असं आपण म्हणत नाही. ‘उठ’चं आधी ‘उठणं’ करतो, मग ‘उठण्याची सवय’. इंग्रजीही तेच करतं, ‘वेक’चं ‘वेकिंग’ करतं: ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली.’ मराठीत ‘-ण्याची’ तिथे इंग्रजीत ‘-इंग’, हे समीकरण इतकं नेमकं आहे की व्याकरणाच्या पुस्तकांत ते का देत नाहीत याचं मला नवल वाटतं.

अर्थात बोलताना आपण ‘उठायची सवय’ही म्हणतो, आणि हे ‘-यची’ ‘जायची’मधल्या ‘-यची’सारखंच दिसतं. त्यामुळे मनात शंका आली तर ‘उठण्याची’ म्हणून बघा. ‘उठण्याची’ बसत असेल तर ‘-इंग’ लावा. ‘ती रोज उठायची’च्या जागी ‘ती रोज उठण्याची’ बसत नाही, म्हणजे तिथे साधं ‘वेक’.

हाच ‘टू’ आणखी दोन-तीन ठिकाणी दबा धरून बसलेला असतो. पत्राच्या शेवटी आपण लिहितो ते ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’, तिथेही ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’. ‘ऑब्जेक्ट टू’ आणि ‘अकस्टम्ड टू’ यांचंही तसंच. ‘टू’पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. ते बसलं तर क्रियापदाला ‘-इंग’ लागणार.

आता या लेखातला सर्वांत फसवा खड्डा. मराठी ‘सवय’ या शब्दात दोन अर्थ राहतात. ‘मला गोंगाटाची सवय आहे’ म्हणजे गोंगाटाचा मला त्रास होत नाही, मी सरावलोय. ‘मला नखं कुरतडायची सवय आहे’ म्हणजे मी नखं कुरतडतो, हात आपोआप तोंडाकडे जातो. ‘बी यूज्ड टू’ फक्त पहिल्या अर्थाचं आहे. ‘आय ॲम यूज्ड टू बायटिंग माय नेल्स’ असं म्हटलं तर नखं कुरतडणं हे एक अवघड काम असून मी ते आता निभावून नेतो, असं काहीतरी विचित्र ऐकू येतं. दुसऱ्या अर्थासाठी ‘हॅबिट’ हा शब्द आहे: ‘आय हॅव अ हॅबिट ऑफ बायटिंग माय नेल्स.’ किंवा सरळ ‘आय बाइट माय नेल्स’.

चाचणी सोपी आहे. ‘सवय आहे’च्या जागी ‘काही वाटत नाही’ घालून बघा. गोंगाटाचं मला काही वाटत नाही: जमलं, तर ‘यूज्ड टू’. नखं कुरतडायचं मला काही वाटत नाही: अर्थच बदलला, तर ‘हॅबिट’. ‘लवकर उठायची सवय’ मात्र दोन्हींत बसते, आणि तिथे तुम्हाला नेमकं काय म्हणायचंय ते तुम्हीच ठरवायचं.

दुसऱ्या कुणाच्या वागण्याची सवय असेल तर माणूस ‘टू’च्या पुढे येतो. ‘लोकांनी मला सर म्हणण्याची मला सवय नाही’: ‘आय ॲम नॉट यूज्ड टू पीपल कॉलिंग मी सर.’ मराठीतल्या ‘लोकांनी’ आणि ‘म्हणण्याची’ या दोन्ही गोष्टी त्याच क्रमाने तिथे आहेत.

हे तीन शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत:

‘आय यूज्ड टू लिव्ह अलोन.’ मी एकटा राहायचो.
‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग अलोन.’ मला एकटं राहायची सवय आहे.
‘आय वॉज यूज्ड टू लिव्हिंग अलोन.’ मला एकटं राहायची सवय होती.

पहिल्यात तुम्ही आता कुणाबरोबर तरी राहता. दुसऱ्यात बहुधा अजून एकटेच आहात आणि तक्रार नाही. तिसरं वाक्य त्या माणसाचं, जो नुकताच कुणाबरोबर राहायला लागला आणि ज्याला आता न्हाणीघराबाहेर थांबावं लागतं.

आणि लिहिताना या प्रकारात ‘डी’ कधीही गळत नाही. ‘आय ॲम यूज टू’ ही कानावरून लिहिल्याची चूक आहे, भरपूर दिसते.

पायरी ६: अंगवळणी पडणं

‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणं, सरावणं, रुळणं, अंगवळणी पडणं. ‘बी’ ही अवस्था, ‘गेट’ हा तिथपर्यंतचा प्रवास. ‘टू’पुढचा नियम तोच: नाम किंवा ‘-इंग’.

‘गेट’ मात्र काळाप्रमाणे बदलतो, आणि रोजच्या बोलण्यात हीच रूपं फार उपयोगी पडतात. नवीन माणसाला धीर देताना ‘यू विल गेट यूज्ड टू इट’, होईल सवय. अजून होतेय असं सांगताना ‘आय ॲम गेटिंग यूज्ड टू इट’. झाली नसेल तर ‘आय हॅवन्ट गॉट यूज्ड टू इट यट’. होणारच नाही असं वाटत असेल तर ‘आय कान्ट गेट यूज्ड टू इट’, नव्या चष्म्याच्या पहिल्या आठवड्यात हे सगळेच म्हणतात. अमेरिकेत ‘हॅवन्ट गॉटन’ ऐकू येईल, तेही बरोबर. अंधाऱ्या खोलीत गेल्यावर डोळे सरावतात त्यालाही हेच चालतं: ‘माय आइज गॉट यूज्ड टू द डार्क.’

मराठी ‘सवय लागणे’ मात्र इथे जपून. ‘मला पहाटे लिहायची सवय लागली’ म्हणजे त्रास वाटेनासा झाला असं नव्हे, मी तसं करू लागलो. तिथे ‘आय गॉट इन्टू द हॅबिट ऑफ रायटिंग अर्ली’. आणि ‘हात बसणे’ हे कौशल्याचं आहे, तिथे ‘गेट यूज्ड टू’ अर्धवट पोचतं.

पायरी ७: ‘वापरतात’

यावर फार बोलण्यासारखं नाही. वस्तू कर्ता असेल आणि ‘यासाठी वापरतात’ असं म्हणायचं असेल तर ‘इज यूज्ड टू’पुढे मूळ क्रियापद: ‘अ थर्मामीटर इज यूज्ड टू मेझर टेम्परेचर.’ ‘फॉर’ घेतलात तर ‘-इंग’: ‘इज यूज्ड फॉर मेझरिंग’. दोन्हींची खिचडी करून ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कटिंग पेपर’ लिहिलंत तर सुरीला कागद कापायची सवय झाली, तिला आता काही वाटत नाही, असा अर्थ होईल.

पायरी ८: हात चालवा

खालची वाक्यं इंग्रजीत करा. आधी चाचण्या लावा, मग लिहा, आणि मगच उत्तरं बघा.

१. आम्ही पूर्वी नदीजवळ राहायचो.
२. मी दर रविवारी आईला फोन करतो.
३. इथे आधी शाळा होती.
४. तिला रात्री जागण्याची सवय आहे, तिला काही वाटत नाही.
५. नव्या वेळापत्रकाची मला अजून सवय झालेली नाही.
६. त्याला बोलताना मान हलवायची सवय आहे.
७. मी त्या गावात दोन वर्षं राहिलो.
८. मला पूर्वी गर्दीची भीती वाटायची, पण आता सवय झाली आहे.

उत्तरं अशी. पहिलं: ‘वी यूज्ड टू लिव्ह निअर द रिव्हर.’ दुसऱ्यात ‘करतो’ आहे, तेव्हा ‘आय कॉल माय मदर एव्हरी संडे’, बस. तिसरं: ‘देअर यूज्ड टू बी अ स्कूल हिअर.’ इथे ‘वॉज’ लिहिलं असेल तर पायरी ३ पुन्हा वाचा. चौथं: ‘शी इज यूज्ड टू स्टेइंग अप लेट.’ पाचवं: ‘आय हॅवन्ट गॉट यूज्ड टू द न्यू टाइमटेबल यट.’ सहावं नखांच्या जातीचं, म्हणून ‘ही हॅज अ हॅबिट ऑफ शेकिंग हिज हेड व्हेन ही टॉक्स’. होकारार्थी मान डोलावत असेल तर ‘शेकिंग’ऐवजी ‘नॉडिंग’, पण तो वेगळा विषय. सातव्यात मोजलेला काळ आहे: ‘आय लिव्ह्ड इन दॅट व्हिलेज फॉर टू इयर्स.’

आठव्यात दोन्ही ‘यूज्ड टू’ एकाच वाक्यात येतात: ‘आय यूज्ड टू बी अफ्रेड ऑफ क्राउड्स, बट आय ॲम यूज्ड टू देम नाऊ.’ मराठीत ‘सवय झाली आहे’ असलं तरी इंग्रजीत ‘नाऊ’सोबत ‘आय ॲम’ सहज येतं. ‘आय हॅव गॉट यूज्ड टू देम’ लिहिलं असेल तर तेही बरोबर धरा. मग हे वाक्य दोन-चारदा मोठ्याने म्हणा, दोन्हीकडे ‘यूस्टू’.